‘ओपन स्कूल म्हणजे दहावी बाद’? नाही!

पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘ऑटिझम किंवा डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला नेहमीच्या शाळेतून काढून ओपन स्कूलला टाकलंत, तर त्याची दहावी कुठेच धरत नाहीत.’ हे चूक आहे.

ओपन स्कूल म्हणजे एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था), केंद्र सरकारने 1989 मध्ये सुरू केलेली संस्था. तिची दहावी इतर बोर्डांच्या दहावीच्या बरोबरीची मानली जाते. पाच विषय, त्यात किमान एक भाषा, आणि गणित सक्तीचं नाही. आकडे उलटे वाचणाऱ्या पोरासाठी ही केवढी सुटका! तो चित्रकला किंवा गृहविज्ञान घेऊ शकतो. एका वर्षात सगळे पेपर द्यायचेही बंधन नाही. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे यंदा दोन, पुढच्या खेपेला तीन असंही जमतं. मात्र गणित सोडलं की पुढे डिप्लोमासारखे काही रस्ते बंद होतात, तेव्हा विषय निवडताना घाई नको.

मेसेज बहुधा आला तो या गोंधळातून: सकाळी ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमावीत म्हणून दिलेले उपचार), मग तीन-चार मुलांचा वर्ग असं चालवणारी केंद्रं स्वतः दहावीचं प्रमाणपत्र देत नाहीत. ते बोर्डाचंच असतं. म्हणून प्रवेश घेतानाच विचारा, मुलाची नोंदणी कुठल्या बोर्डाकडे होणार?

आणि शाळा सोडायलाच हवी असंही नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया यातच येतो) दोन्ही आहेत. राज्य मंडळाच्या परीक्षेतही अक्षमतेचं प्रमाणपत्र असेल तर जादा वेळ, लेखनिक मिळतो.