‘मूळचेच बोल्ट चालतात’ हे कोणी ठरवले?

गेला महिनाभर साताऱ्यातल्या गाडीवाल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांमधून एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: गाडी लोअर केली (म्हणजे बॉडी रस्त्याच्या जवळ खाली आणली) आणि चाके कंपनीचीच ठेवली, तर स्पेसर (चाक आणि ते ज्यावर बसते तो हब यांच्यामधली चकती) बसवावेच लागतात, त्यामुळे पकड वाढते आणि घाटात गाडी उलटत नाही, 12 मिमीपर्यंतच्या स्पेसरला मूळचेच बोल्ट चालतात, चकती कोणत्याही लेथवर करून मिळते, बेअरिंगवर काही परिणाम होत नाही आणि आरटीओ विचारत नाही. हा मजकूर माझ्याकडे तीनदा आला आणि तीनही वेळा मी तो पुसून टाकला. गेल्या रविवारी भाचा त्याची लोअर केलेली फोक्सवॅगन पोलो घेऊन घरी आला आणि म्हणाला, “मामा, हायवेला ऐंशीच्या पुढे मागून थरथर येते, जरा बघता का?” मागची चाके पाहिली, तेव्हा पुसलेला तो संदेश 10 मिमीच्या दोन चकत्यांच्या रूपाने माझ्याच अंगणात उभा असल्याचे लक्षात आले.

सर्वांत घातक मुद्दा बोल्टांचा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. मी एमआयडीसीतल्या टूलरूममध्ये बावीस वर्षे काढली आहेत. आटे मोजणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग होता. आम्ही आधी पुढच्या चाकाचा, म्हणजे चकती नसलेला, एक बोल्ट काढला. सैल केल्यापासून तो हातात येईपर्यंत दहा फेरे लागले. मग मागचा बोल्ट फिरवायला घेतला, तर चौथा फेरा पुरा होण्याआधीच तो माझ्या तळहातावर पडला. टोकाकडचे तीनएक आटे तेवढे चकचकीत होते आणि उरलेल्या सगळ्यांवर तांबूस धूळ बसलेली होती. भाच्याला काही समजावून सांगावे लागले नाही.

हिशेब शाळकरी पोरालाही जमेल असा आहे. पोलोचा बोल्ट 14 मिमी व्यासाचा आणि 1.5 मिमी पिचचा असतो, म्हणजे एका फेऱ्यात तो दीड मिलिमीटर आत जातो. 10 मिमीची चकती मध्ये आली की जवळजवळ पावणेसात फेरे त्या चकतीच्या जाडीतच खर्च होतात. बोल्टाचा जेवढा व्यास, किमान तेवढी आट्यांची पकड असावी, हा कारखान्यातला साधा नियम आहे. त्या हिशेबाने इथे नऊ फेऱ्यांहून अधिक पकड हवी आणि कंपनीने ती बरोबर दिलेली आहे. संदेशातली 12 मिमीची सवलत घेतली, तर हातात दोन फेरे उरतात. दोन आट्यांवर आमच्याकडे ऑइलच्या डब्याचे झाकणसुद्धा कोणी सोडत नाही.

चकत्या बसवून देणाऱ्याने भाच्याला म्हणे टॉर्क रेंचचा, म्हणजे ठरावीक जोराने बोल्ट आवळणाऱ्या पान्याचा, ‘क्लिक’ ऐकवला होता. रेंच 120 न्यूटन-मीटरला क्लिक करतो. आत किती आटे अडकले आहेत, हे त्याला ठाऊक नसते. चाक बोल्टांच्या दांड्यांवर टांगलेले नसते. बोल्ट ताणले जाऊन चाकाला हबवर दाबून धरतात आणि त्या दाबातून येणाऱ्या घर्षणावर सगळा भार पेलला जातो. तीन आट्यांवर हा ताण टिकला नाही की दाब ढिला पडतो, चाक हबवर किंचित सरकू लागते आणि मग बोल्ट वाकतात, तुटतात.

‘लांब बोल्ट टाकले की झाले’ हे उत्तरही अर्धेच आहे. फोक्सवॅगनच्या बोल्टाची बैठक, म्हणजे डोक्याखालचा चाकावर टेकणारा भाग, गोलाकार असते. शंकूच्या बैठकीचा बोल्ट त्या खळग्यात बसवला, तर तो एका बारीक कडेवरच टेकतो. शिवाय पंक्चर झाल्यावर चकती बाजूला ठेवून त्याच लांब बोल्टांनी स्टेपनी लावली, तर ते 10 मिमी जास्त आत शिरतात आणि मागच्या ड्रममधल्या ब्रेकच्या भागांना भिडू शकतात. बोल्टाची लांबी आणि डोक्याचा आकार रिमला जुळलाच पाहिजे, कारण चाकाची पकड आणि ब्रेकचे काम दोन्ही त्यावर अवलंबून आहे, असे कंपनीच्या हस्तपुस्तिकेतच बजावलेले असते. ती पुस्तिका भाच्याच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट पडून होती.

थरथरीचे मूळ लेथवरच्या चकतीत निघाले. पोलोच्या हबला मध्यभागी 57.1 मिमीचा उंचवटा असतो आणि चाक त्यावर मधोमध बसते. भाच्याच्या चकतीने तो उंचवटा गिळून टाकला होता आणि तिला स्वतःची तशी कडा नव्हती. व्हर्निअर लावून पाहिले, तर मधले भोकही जवळपास अर्धा मिमी मोठे निघाले, म्हणजे चाक मधोमध बसतच नव्हते आणि वेगात थरथरत होते. दोष लेथचा नाही. मापाचा कागद न देता ‘अशीच एक करून द्या’ म्हणणाऱ्याचा आहे.

पकडीच्या मुद्द्यात तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. दोन चाकांमधले अंतर वाढले की वळणावर बाहेरच्या चाकाकडे जाणारा भार थोडा कमी होतो. परंतु 10 मिमीच्या दोन चकत्यांनी सुमारे 1460 मिमीच्या अंतरात 20 मिमीची भर पडते, म्हणजे दीड टक्काही नाही. साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटातल्या वळणावर तेवढ्याने कोणाची गाडी वाचणार नाही. उलट लोअर केलेल्या गाडीत टायर आणि फेंडर (चाकावरचा पत्रा) यांच्यात आधीच जागा कमी असते. चाक आणखी बाहेर आले की खड्ड्यात किंवा मागे तिघे बसल्यावर फेंडरची कडा टायरला घासते. टायर आतल्या बाजूला घासत असेल, तर स्पेसरचा उपयोग होतो, पण कंपनीच्याच चाकांवर ती तक्रार सहसा येत नाही. ‘बसवावेच लागतात’ याचे खरे कारण चाके आत गेल्यासारखी दिसतात एवढेच आहे, आणि दिसण्यासाठी करतो असे कोणी सरळ म्हणाले, तर मला ते जास्त आवडेल.

बेअरिंगविषयी एवढेच की भार जितका बाहेर सरकेल तितका पिळा वाढतो. 5 मिमीला ते फारसे जाणवत नाही, 25 मिमीला जाणवते. आरसीवर चाकाचा ऑफसेट, म्हणजे ते हबपासून किती आत-बाहेर बसते ते माप, लिहिलेला नसतो, हे खरे आहे. तरी मोटार वाहन कायद्यात 2019च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अच्या चौथ्या पोटकलमात, नियमांत न बसणाऱ्या फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. रस्त्यात कोणी विचारले नाही, म्हणून ती तरतूद रद्द होत नाही.

परदेशात पोर्शेसारखी कंपनी स्वतः स्पेसर विकते, हा भाच्याचा शेवटचा युक्तिवाद होता आणि तो बरोबर आहे. फक्त ती सोबत त्याच मापाचे बोल्टही देते. मध्ये कडा असलेली 57.1ची चकती, गोल बैठकीचे 10 मिमी अधिक लांब बोल्ट, स्टेपनीसाठी डिकीत जपून ठेवलेले जुने बोल्ट आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा टॉर्क तपासणे, एवढे सगळे करून, कायद्याची जबाबदारी पत्करून तो आला, तर यंत्राच्या बाजूने माझी हरकत उरणार नाही. तोवर त्या दोन चकत्या माझ्या टूलबॉक्समध्ये राहतील. मूळचे बोल्ट आम्ही तपासून, दहा-दहा फेरे मोजून परत बसवले आहेत.