पहिला अल्बम, दुसऱ्यांदा

आमच्या बँडचा पहिला अल्बम आला एकदाचा. पहिला म्हणायचं की नाही यावरच अजून एकमत नाहीये, कारण जुन्या बँडचाही एक पहिला अल्बम अर्धवट अवस्थेत माझ्या हार्ड डिस्कवर पडलाय, पण तो बँड आता नाही, आणि नाही म्हणजे काय तर पाचातले तिघे तेच, अँप तेच, ड्रमरची उशिरा यायची वेळसुद्धा तीच, फक्त नाव गेलं आणि गायक गेला. मी बेस वाजवतो, म्हणजे दिसायला गिटारसारखं पण जाड तारांचं, खालच्या स्वरात वाजणारं वाद्य. बेस वाजवतो असं सांगितलं की लोक "अच्छा, गिटार!" म्हणतात आणि मी "हो" म्हणतो, यावरून माझ्या स्वभावाचा अंदाज यावा.

तर आमचा जुना गायक एके दिवशी प्रॅक्टिसला आला, माईकची उंची वगैरे नीट केली आणि मग म्हणाला, मला सोलो काहीतरी करायचंय. भांडणबिंडण काही नाही. अगदी सभ्यपणे वाटणी झाली, म्हणजे शब्द त्याने लिहिलेले ते त्याचे आणि चाली, रिफ (गिटारचे परत परत येणारे तुकडे) आमच्या त्या आमच्या. ऐकायला फार न्याय्य वाटतं. प्रत्यक्षात त्याच्याकडे चाल नसलेली नऊ गाणी उरली आणि आमच्याकडे शब्द नसलेली नऊ, आणि दोन्ही पार्ट्या आपणच जिंकलो असं समजून घरी गेल्या.

मग नवी गायिका आली, एक कीबोर्डवाला आला, आणि त्या दोघांचं म्हणणं पडलं की आम्ही काय तुमच्या जुन्या बँडमधे भरती झालेलो नाही, नाव बदला. इथे आमच्या गिटारवाल्याची एन्ट्री. याच्याकडे प्रत्येक संकटावर रॉकच्या इतिहासातला एक दाखला तयार असतो. म्हणाला, अरे १९६८ मधे यार्डबर्ड्स हा बँड फुटला तेव्हा त्यातल्या गिटारवाल्या जिमी पेजच्या गळ्यात स्कँडिनेव्हियातले ठरलेले शो तेवढे उरले होते, त्याने नवीन तिघे जमवले, न्यू यार्डबर्ड्स नावाने ते शो वाजवले आणि मग नाव बदलून लेड झेपेलिन केलं, लोकांनी 'लीड' म्हणू नये म्हणून स्पेलिंगमधलं एक अक्षरही उडवलं. यावर कीबोर्डवाला म्हणाला, मग आपणही जुन्या नावापुढे 'न्यू' लावून टाकू. तो नवीन होता, त्याला माफ केलं.

नाव ठरवायला तीन आठवडे गेले. कुठलंही नाव काढा, जगाच्या पाठीवर कुठेतरी त्याच नावाचा एक मेटल बँड आधीच असतो आणि त्यातल्या चारही जणांच्या दाढ्या आपल्यापेक्षा लांब असतात. त्यावर दाखला हजर: ब्लॅक सबाथचं आधीचं नाव अर्थ होतं, त्याच नावाचा दुसरा एक बँड निघाला म्हणून बदलावं लागलं. बरं मग पुढे? पुढे काही नाही, ते ब्लॅक सबाथ झाले आणि आम्ही रात्री दीड वाजता ग्रुपवर पोल टाकत बसलो. शेवटी जे नाव कोणालाच आवडत नव्हतं ते पास झालं, कारण त्यावर कोणाचाच हक्क नव्हता. इथे ते लिहित नाही, शोधायला गेलात तर काय सापडेल ते पुढे येतंच.

आता रेकॉर्डिंग. सबाथवाल्यांनी १९६९ च्या ऑक्टोबरात पहिला अल्बम एका दिवसात वाजवून टाकला. बीटल्सनी फेब्रुवारी १९६३ मधे एका दिवसात दहा गाणी उरकली. झेपेलिनला साधारण ३६ तास लागले म्हणतात. आमचा पहिला पूर्ण दिवस स्नेअर ड्रम ट्यून करण्यात गेला. ड्रमर टक करून वाजवणार, काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट मान हलवणार, ड्रमर चावीने एक बोल्ट पाव आटा फिरवणार, परत टक. असं दुपारपर्यंत. दुपारनंतर कळलं की घूं असा जो आवाज येत होता तो स्नेअरचा नव्हताच, माझा बेस स्टँडवर टेकवलेला होता, त्याच्या तारा प्रत्येक टकला गुणगुणत होत्या. मी त्या दिवशी इतरांपेक्षा लवकर निघालो.

दुसऱ्या दिवशी क्लिक ट्रॅक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हेडफोनमधे टिक टिक टिक टिक वाजत राहतं आणि त्यावर ड्रमरने लय धरायची असते, म्हणजे पुढे गाण्याचे तुकडे जोडता येतात. आमचा ड्रमर जुन्या बँडपासून माझा मित्र आहे, मनाने सोन्यासारखा माणूस, पण कोरस, म्हणजे गाण्यातला परत परत येणारा भाग, आला की त्याला आनंद होतो आणि आनंद झाला की तो पळतो. आठ वर्षं आम्हीही त्याच्यामागे पळत आलोय त्यामुळे कोणाला कधी कळलंच नाही. सहाव्या टेकला त्याने हेडफोन काढून ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "क्लिक स्लो होतोय." रेकॉर्डिस्टने त्याच्याकडे नुसतं बघितलं. या रेकॉर्डिस्टची एक भाषा होती, ती आम्हाला हळूहळू समजायला लागली, म्हणजे "छान होतं, सेफ्टीसाठी अजून एक घेऊ" याचा अर्थ काहीच छान नव्हतं, आणि "इंटरेस्टिंग" म्हणाला तर सरळ घरी जावं.

गिटारवाल्याचं नख तुटलं म्हणून एक दिवस सुट्टी. हाच माणूस सांगत असतो की सबाथच्या गिटारवाल्या टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या मशीनमधे गेली तरी तो प्लॅस्टिकच्या टोप्या करून वाजवत राहिला. मी फक्त आठवण करून दिली तर दोन दिवस बोलला नाही.

पण खरी गंमत माझ्या वाट्याला आली ती बॅकिंग व्होकल्सला. जुन्या चाली आमच्या होत्या ना, त्यावर नव्या गायिकेने नवे शब्द लिहिले, आणि चांगले लिहिले, खोटं कशाला बोलू. कोरसमधे मला फक्त एक ओळ, तीही मागून, तीही चार वेळा. कागद समोर, चष्मा डोळ्यावर, लाल दिवा लागला, तोंड उघडलं आणि बाहेर आले जुने शब्द. सॉरी म्हटलं. परत घेतलं. परत जुनेच. डोळे कागदावरच होते हो, डोक्यालाही कळत होतं, पण आठ वर्षं ती चाल त्याच शब्दांवर वाजवल्यावर जीभ कोणाला विचारत नाही. नवव्या टेकला पहिल्या तीन वेळा बरोबर म्हटलं आणि चौथ्यांदा ऐनवेळी तोच जुना गायक माझ्या तोंडातून गायला लागला. गायिका काचेपलीकडे हाताची घडी घालून उभी होती. पहिले पाढे पंचावन्न. शेवटी रेकॉर्डिस्टने जी एक ओळ बरोबर आली होती तीच कापून चारही ठिकाणी चिकटवली, त्यामुळे अल्बमवर मी चारदा गायलोय असं वाटतं, प्रत्यक्षात एकदाच गायलोय आणि तेही चुकून.

(डेव्ह ग्रोलचं मला आता पटतं. तो ड्रमर असलेला निर्वाणा बँड संपल्यावर १९९४ मधे त्याने फू फायटर्सचा पहिला अल्बम आठवडाभरात केला आणि जवळपास सगळं स्वतःच वाजवलं. पोल नाही, ग्रुप नाही, उशिरा आला तर आपणच.)

मिक्सिंगवर, म्हणजे सगळ्यांचे आवाज कमीजास्त करून एकत्र बसवण्यावर, जास्त लिहित नाही, प्रत्येकाचं म्हणणं एवढंच असतं की सगळं मस्त आहे, फक्त माझं थोडं वाढव. माझं दुःख निराळंच होतं. बेसची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते आणि फोनच्या टीचभर स्पीकरमधून तेवढा खालचा स्वर बाहेरच पडत नाही. आणि आमचे सगळे नातेवाईक अल्बम फोनवरच ऐकणार. म्हणजे दीड वर्ष घासून मी त्यांच्या दृष्टीने अल्बमवर नाहीच. रेकॉर्डिस्टला दया आली, त्याने आवाजाला थोडी खरखर दिली, त्याने वरचे स्वर निघतात आणि मग फोनवरही बेस आहे असा भास होतो. भास तर भास.

शेवटी अल्बम अपलोड केला आणि तो रिलीज झाला, पण आमच्या पेजवर नाही. आमच्याच नावाचा एक आर्टिस्ट आधीपासून आहे, तो झोप येण्यासाठी पावसाचे आवाज प्रसिद्ध करतो, त्याच्या पेजवर आमचा अल्बम जाऊन बसला. मंद पाऊस, खिडकीवरचा पाऊस, रात्रभर पाऊस आणि त्यानंतर आम्ही. पहिल्या दोन दिवसांत एवढे लोक ऐकून गेले की ड्रमर नोकरी सोडायच्या गोष्टी करायला लागला, मग लक्षात आलं की बहुतेक जण झोपेत ऐकतायत आणि बाकीचे दचकून उठतायत. दुरुस्तीसाठी फॉर्म भरायचा होता, त्यात पहिलाच प्रश्न: तुम्ही यापूर्वी दुसऱ्या नावाने संगीत प्रकाशित केलंय का? त्यावर आमची दोन रात्री मीटिंग झाली. गिटारवाला म्हणाला, स्मॉल फेसेस या बँडचा गायक गेला, दोन नवे आले, ते उंच म्हणून 'स्मॉल' काढून नुसतं फेसेस केलं, तरी १९७० चा त्यांचा पहिला अल्बम अमेरिकेत जुन्याच नावाने आला, तेव्हा आपण तर फक्त पावसात गेलोय.

मग अल्बमचा पहिला शो. चौथं गाणं संपलं आणि पुढच्याच रांगेतल्या एकाने ओरडून जुन्या बँडचं गाणं मागितलं. अगदी तेच, ज्याच्या चालीवर नवे शब्द बसवलेत. गायिकेला जुने शब्द येत नव्हते, तिने माझ्याकडे बघितलं आणि स्वतःचा माईक सरळ माझ्यापुढे केला. म्हटलं चला, हे तरी आपल्याला झोपेत येतं. ड्रमरने चार मोजले, क्लिक नव्हता त्यामुळे खुशीत पळाला, आम्ही त्याच्यामागे, कोरस आला, मी डोळे मिटून जीव तोडून गायलो आणि तोंडातून आले नवे शब्द.

चारही वेळा. शो संपल्यावर तो पुढच्या रांगेतला येऊन भेटला, हात मिळवला आणि म्हणाला, "मस्त झालं, पण शब्द चुकले हां. गिटार मात्र छान वाजवता."

मी हो म्हटलं.