सीआरपी वाढलं म्हणून मामांचे व्यायाम थांबवायचे नाहीत

नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज आला आणि संध्याकाळी मामींचा फोन. "फिजिओच्या मुलाला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगू का रे?" मामांना पक्षाघात होऊन १२ दिवस झालेत. मेसेज म्हणतो, सीआरपी (रक्ततपासणीत दिसणारं, दाह दाखवणारं प्रथिन) १० च्या वर असेल तर रुग्ण पुन्हा चालत नाही, व्यायामावर पैसे घालवू नका, अल्ब्युमिन (रक्तातलं आणखी एक प्रथिन) ३.५ च्या खाली गेलं तर त्याची बाटली चढवा. रोज हळदीचं दूध पाजा.

पहिलं वाक्य वाचूनच माझं डोकं फिरलं. सीआरपी यकृतात तयार होतं. अंगात कुठेही दाह, म्हणजे आतली सूज, झाला की काही तासांत चढतं आणि दाह शमला की साधारण १९ तासांत निम्म्यावर येतं. मामांचं वाढलं ते लघवीच्या नळीतून संसर्ग झाला म्हणून. अँटिबायोटिकने चार दिवसांत उतरलंही. त्या चार दिवसांत त्यांच्या पायात काहीच बदललं नव्हतं! मेंदूला इजा किती, वय किती, पहिल्या दोन-तीन दिवसांत हाताची बोटं सरळ होतात का, यावरून डॉक्टर सावरण्याचा अंदाज बांधतात. सुधारणा सगळ्यात वेगाने होते ती पहिल्या तीन महिन्यांत, आणि नेमके तेच दिवस माणसाला नुसतं झोपवून ठेवायचं? खांदा आखडला, पाठीला जखमा झाल्या, तर हा मेसेज लिहिणारा येणार आहे का निस्तरायला?

एवढं मान्य करतो की सीआरपी जास्त आणि अल्ब्युमिन कमी असलेले रुग्ण सरासरीने मागे राहतात, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण पक्षाघाताचा झटका मोठा असला की दाहही मोठा होतो, आणि दाहात अल्ब्युमिन आपोआप घटतं. आकडा खाली दिसला तर संसर्ग शोधा, खाणं पोटात जातंय का बघा.

बाटली चढवून भागलं असतं तर २०१३ सालीच कळलं असतं. 'एलियास' नावाच्या चाचणीत ८४१ रुग्ण होते. झटक्यानंतर ५ तासांच्या आत निम्म्यांना अल्ब्युमिन दिलं, निम्म्यांना सलाइन. तीन महिन्यांनी दोन्हीकडे ४४ टक्केच चांगले सावरलेले. फुफ्फुसात पाणी मात्र अल्ब्युमिनवाल्यांत १३ टक्क्यांना झालं, सलाइनवाल्यांत १ टक्क्याला. फायदा दिसेना म्हणून चाचणी मध्येच थांबवली.

राहिलं हळदीचं दूध. मामांना पाण्यानेही ठसका लागतो. दूध श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो, आणि तेच सीआरपी पुन्हा चढेल.

मामींना सांगितलंय, गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काही द्यायचं नाही. फिजिओचा मुलगा उद्या १० वाजता येतोय.