धोलेरा ठीक, पण जुन्या चिपांचं काय?

गुजरातमधल्या धोलेऱ्याची फॅब (चिप बनवण्याचा कारखाना) सुरू झाली की लष्कराच्या चिपांचा प्रश्न मिटेल, असं लेखात म्हटलंय. इतकं सोपं नाही हो. मी बडोद्यात मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करतो. गेल्या वर्षी उत्पादन बंद झालेला एक आयसी, म्हणजे चिप, व्यापाऱ्याकडून आणला. ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापूस फिरवला, तर वरचा नंबर कापसावर आणि खाली दुसराच नंबर! म्हणजे दुसरीच चिप, वर खोटा नंबर छापून विकलेली. माझं फार तर एखादं यंत्र बंद पडेल, रडारचं तसं नाही. अमेरिकी सिनेटच्या समितीला २०१२ साली लष्करी पुरवठ्यात असे दहा लाखांवर संशयित बनावट भाग सापडले होते.

खरी गोम अशी की शस्त्र तीस वर्षं चालतं, चिप पाच-दहा वर्षांत बाजारातून जाते. आणि लष्कराला लागणार किती? काही हजार. तेवढ्यासाठी मोठी फॅब लाइन कशाला अडवेल? त्यापेक्षा मोहालीच्या एससीएलमध्ये (सरकारी सेमीकंडक्टर लॅबोरेटरी) १८० नॅनोमीटरच्या जुन्या तंत्रावर इस्रोचा 'विक्रम' प्रोसेसर बनतो. लष्कराच्या पुष्कळशा कामांना तेवढं तंत्र पुरतं. आमच्या इथे बडोद्यात हवाई दलाची सी-२९५ मालवाहू विमानं जोडली जाणार, त्यांच्या सुट्या चिपांचा साठा आत्ताच, उत्पादन चालू असताना कोणी घेऊन ठेवतंय का, हे लेखकाने विचारायला हवं होतं.