पत्ते खेळायला ईमेल कशाला लागतो?

आज सकाळी नौपाड्यात मावशीकडे गेले होते. तिच्या मुलाने तिला नवा लॅपटॉप पाठवलाय. मावशीची अपेक्षा एकच, दुपारी एकटीने पत्ते, म्हणजे सॉलिटेअर, खेळायचे. मी म्हटलं, दहा मिनिटांचं काम.

दोन तास!

आधी वायफाय मागितलं. मग ईमेल. मावशीला ईमेल नाही. मग नवा काढा, त्यासाठी मोबाइल, ओटीपी, जन्मतारीख. मावशी म्हणाली, "अगं, बदामची राणी काय माझं वय विचारून खाली येणारे?" एवढं सगळं करून डाव लागला, तर मध्येच जाहिरात. ती नको असेल तर पैसे भरा. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच भांडण नको. पण यंत्राचे मालक आपण आणि वागणूक पेइंग गेस्टची, हे तुम्हालाही खटकत असेलच ना?

हा तोच खेळ बरं का, जो १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर फुकट आला होता. वेस चेरी नावाच्या इंटर्नने लिहिला, त्याला त्याची रॉयल्टीही मिळाली नाही. पत्त्यांची चित्रं सुझन केअरची. पत्त्यांच्या मागची चित्रं आठवतात? किल्ल्याच्या चित्रातली वटवाघळं पंख हलवायची. आणि जिंकलं की सगळे पत्ते टप्पे खात स्क्रीनभर सांडायचे. तेवढ्यासाठी आम्ही भावंडं भांडायचो.

आमचा पहिला संगणक लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेला, नेरुळच्या सिडकोच्या घरात, विंडोज ९८. रविवारची जेवणं झाली की बाबा डीफ्रॅग, म्हणजे डिस्कची आवराआवर, लावायचे. 'शो डीटेल्स' दाबलं की स्क्रीनभर रंगीत चौकोन, एकेक करत आपल्या जागी जाणारे. बाबा खुर्ची टाकून बघत बसायचे. मध्ये कोणी काही उघडलं, डिस्कवर काही लिहिलं गेलं, की गाडी पुन्हा पहिल्यापासून. स्क्रीनसेव्हर लागला तरी तेच. म्हणून बाबांनी स्क्रीनसेव्हरच काढून टाकला होता आणि आम्हाला त्या खोलीत बंदी. आई म्हणायची, "स्वतःचं कपाट आवरायला वेळ नाही, आणि हे आवरताना बघत बसतात!"

पण बघून माणूस शिकतो हो. बाबा अकाउंट्समधले, संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी फाइलींचे तुकडे डिस्कभर विखुरतात, ते एका जागी आणले की वाचायला वेळ कमी लागतो, एवढं त्यांना त्या चौकोनांवरून उमगलं होतं. आज काय दिसतं? गोल गोल फिरणारं चक्र आणि "तयारी सुरू आहे". कसली तयारी? लग्नाची?

तेव्हाचं यंत्र बोलायचं. लाइट गेली आणि परत आली, की सुरू होताना निळ्या पडद्यावर आधी खडसावायचं, नीट बंद केलं नाहीत म्हणून डिस्क तपासतोय. बाबा त्याला मोठ्याने उत्तर द्यायचे, "अरे, लाइट गेली होती!" बंद करताना काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं, आता संगणक बंद करायला हरकत नाही. मग बटण आपण दाबायचं. शेवटचं बटण आपलं.

विक्षिप्तपणा तर विचारूच नका. पासवर्डच्या चौकटीत एस्केप दाबलं की विंडोज ९८ आत सोडायचं. माझा भाऊ पासवर्ड ठेवून फुशारकी मारायचा, मी एस्केप दाबून त्याचा गेम खेळायचे. 'कॉन' नावाचा फोल्डर बनत नाही, याचं कारण खुद्द बिल गेट्सलाही माहीत नाही, अशी मेल सगळ्यांना आली असेलच. भूतबित काही नाही, कॉन हे डॉसने, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीने, कन्सोलसाठी, म्हणजे कीबोर्ड आणि पडद्यासाठी, राखून ठेवलेलं नाव. आणि माझा सगळ्यात लाडका दोष म्हणजे ९५ आणि ९८ सलग ४९.७ दिवस चालू राहिलं तर अडकायचं. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटचा आकडा तिथे भरून जायचा. लक्षात यायलाच वर्षं गेली, कारण इतके दिवस न अडकता चालणार कोणाचं?

हो, माहितीये. निळा पडदा यायचा, न सेव्ह केलेलं पत्र जायचं. २६ एप्रिल १९९९ ला चेर्नोबिल व्हायरसने कित्येकांचे संगणक पार निकामी केले. आणि ९८ वर मराठी लिहायची तर वेगळं सॉफ्टवेअर, वेगळा फॉन्ट, दुसऱ्या संगणकावर नेलं की त्याची चिनी भाषा. पुढे विंडोज २००० आणि एक्सपीत युनिकोड, म्हणजे दुसऱ्या संगणकावर नेली तरी तीच राहणारी, देवनागरी आली, र. कृ. जोशींचा मंगल फॉन्ट आला, म्हणून मी आज हे बिनधास्त लिहू शकतेय. मान्य. एवढंच मान्य.

आत्ता बाबांना फोन करून सगळं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "डीफ्रॅग कधी लावतेस तू?" मी म्हटलं, आता एसएसडी असते बाबा, त्यात फिरणारी तबकडीच नाही, डीफ्रॅगची गरज नसते. जी काही देखभाल असते ती यंत्र आपापली करतं. थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "आपापली? आणि आपल्याला दाखवत नाही?"

नाही दाखवत बाबा. आपली जन्मतारीख तेवढी बघून घेतं.

राग शांत होत आला होता, तेवढ्यात मावशीचा मेसेज आला, लॅपटॉप अपडेट होतोय, बंद करू नका म्हणतोय, तर मी झोपू का? झोप म्हटलं. डोकं फिरलंय माझं.

आणि "विंडोज काढून लिनक्स टाका ताई" लिहायला जे सरसावलेत, त्यांनी शनिवारी पेन ड्राइव्ह घेऊन नौपाड्यात यावं आणि स्वतः टाकून द्यावं. पोहे मी करते. नुसती लिंक चिकटवून पळणाऱ्यांना उत्तर मिळणार नाही.