टोपलीखालची वाळू

नमस्कार,

‘कासवाची पिल्लं समुद्रात सोडून हवामान बदल थांबणार आहे का? हजारातलं एखादं जगतं. त्यापेक्षा कोळशाच्या वीजकेंद्रांवर लिहा. बाकी सगळी होमस्टेवाल्यांची दुकानदारी,’ असं तुम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाच्या कासवांवरच्या माझ्या लेखाखाली लिहिलंत. आधी चिडलो. दोन दिवसांनी पुन्हा वाचलं तेव्हा निम्मं पटलं, म्हणून सवडीने लिहितोय.

पटलेलं आधी सांगून टाकतो. नाही, त्याने हवामान बदल थांबणार नाही. ‘कासव वाचलं तर समुद्र वाचेल’ असं एक वाक्य मी झोकात ठोकून दिलं होतं, ते मागे घेतो. वीजकेंद्रांवर लिहायलाच हवं, तेही मान्य.

दुकानदारी म्हणाल तर आहेच. पण 2002 साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने वेळासला काम सुरू केलं, तेव्हा कासवाची अंडी खणून नेली जात होती, कोल्ह्याकुत्र्यांचा वाटा वेगळाच. रात्री पुळणीवर उमटलेला मादीचा माग पाहून, काठी टोचून घरटं हुडकायचं कसब गावातल्याच माणसांकडे होतं. तेच कसब आता राखणीला लागलंय आणि पिल्लं बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या जेवणाचे चार पैसे गावात राहतात. यात वाईट काय, हे मला खरंच कळलेलं नाही. पिल्लांच्या तोंडावर मोबाईलची बॅटरी मारणाऱ्यांबद्दल बोललात तर मी तुमच्या बाजूने.

हजारातलं एखादं जगतं, म्हणूनच जगून मोठी झालेली मादी मोलाची. डिसेंबर 2018 पासून राज्यात एक योजना आहे. जाळ्यात कासवासारखा संरक्षित जीव सापडला आणि नाखव्याने जाळं कापून तो सोडला, तर जास्तीत जास्त 25 हजारांची भरपाई मिळते. जाळं कापणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात जाळं आहे त्यालाच विचारा.

आता हवामानाचं. कासवाच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. आपल्या किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवाच्या बाबतीत साधारण 30 अंशांच्या आसपास काटा फिरतो. वाळू त्याहून गार राहिली तर नर जास्त, गरम झाली तर माद्या जास्त, आणि फारच तापली तर अंडी आतल्या आत मरतात. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तरेकडची हिरवी कासवं तपासली, तर लहान आणि अर्धवट वाढलेल्या कासवांत 99 टक्क्यांहून जास्त माद्या निघाल्या. हा अभ्यास 2018 चा. तिथे वाळू आधीच तापलेली आहे.

आमच्या बाजूच्या एका किनाऱ्यावर मार्चमध्ये भर दुपारी गेलो होतो. हॅचरीच्या, म्हणजे अंडी आणून पुरतात त्या कुंपणाच्या, जाळीच्या आत ओळीने टोपल्या पालथ्या घातलेल्या, प्रत्येकीपाशी तारखेची पाटी. दोन कासवमित्र बांबू रोवून वर माडाचे झाप बांधत होते. मी विचारलं, सगळीच सावलीत का घेत नाही? त्यातला वयस्कर म्हणाला, ‘सगळी झाकली तर सगळेच बापय निघतील. मग पुढे अंडी कोण घालणार?’ मग त्याने एका टोपलीखाली बोट दाखवलं. वाळू मध्यभागी वाटीसारखी खचली होती. खाली पिल्लं अंडी फोडून हलायला लागली की वरची वाळू अशी बसते. ‘उद्या-परवा,’ म्हणाला. पाटीवरचे दिवस मोजले तर 47 भरले होते. थंडीतल्या घरट्यांना याहून आठवडाभर जास्त लागला होता. वाळू गरम, तर अंडी लवकर फुटतात.

हा माणूस हवामान बदल थांबवत नाहीये. तो आधीच येऊन बसलेल्या उन्हाशी झापांनी झुंजतोय.

दुसरी गोष्ट बंधाऱ्याची. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने आमची सुपारी आणि किनाऱ्यावरचं सुरूचं बन आडवं केलं. अशा मारानंतर समुद्र आत सरकला की गावात पहिली मागणी होते धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची. घर वाहून चाललेल्या माणसाला ‘नको बांधू’ म्हणायचा मला अधिकार नाही. पण दगडांची रास टाकली की मादीला वर चढता येत नाही, ती परत फिरते. ज्या गावात घरट्यांची वही ठेवली जाते, तिथे निदान ग्रामसभेत कोणी उठून विचारतो, बंधारा कुठून कुठपर्यंत? घरटी असतात तेवढा पट्टा सोडता येईल का? वही नसेल तिथे हा प्रश्नच निघत नाही.

तर मार्चच्या मध्याला या. पिल्लं सोडायच्या वेळेला नको, तेव्हा गर्दी असते. दुपारी दोनला या आणि चपला काढून हॅचरीपर्यंत चालून दाखवा. मला निम्म्या वाटेत पळावं लागलं होतं.