सिमल्याच्या मुलींचे कॉलेज आणि आमचा वाद

डोंगरावरच्या गावात केवळ मुलींसाठी कॉलेज असणे ही आजच्या काळात गरज आहे की जुन्या भीतीचा अवशेष, यावर परवा आमच्या कट्ट्यावर जोरदार खडाजंगी झाली. निमित्त होते सिमल्याच्या सेंट बीड्स कॉलेजचे.

आमच्या वकीलसाहेबांचे म्हणणे रोखठोक होते. १९०३ साली कालका-सिमला रेल्वे सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, ख्रिस्ती जोगिणींच्या (नन) एका मिशनरी संघाने तेथे शिक्षिका घडवण्यासाठी ही संस्था काढली. इंग्रज साहेबांच्या उन्हाळी राजधानीत, थंड हवेत आणि गावगलक्यापासून दूर मुलींना शिकवण्याची ती कल्पना होती. साहेब गेला, मग वेगळ्या कॉलेजचे प्रयोजन तरी काय उरले, असा त्यांचा सवाल होता.

तात्यांनी लगेच अण्णासाहेब कर्व्यांना मध्ये आणले. पुण्यातल्या सनातन्यांच्या तोंडी लागण्यापेक्षा कर्व्यांनी गावाबाहेर हिंगण्याला झोपडी उभारली, चिखल तुडवीत ते तेथे पायी जात राहिले आणि त्याच कामातून १९१६ साली महिला विद्यापीठ उभे राहिले, तेव्हा दूर असणे हे काही वेळा संरक्षणच असते, असे त्यांनी सांगितले. त्यावर, त्याच विद्यापीठाचे मुख्यालय १९३६ साली मुंबईला गेले हे विसरू नका, असा टोला वकीलसाहेबांनी हाणला. (कर्व्यांचे नाव निघाले की आमच्या कट्ट्यावर दोन्ही पक्ष त्यांच्यावर हक्क सांगतात.)

बाई, म्हणजे आमच्यातल्या निवृत्त प्राध्यापिका, तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, तुम्ही दोघेही सिमल्याकडे पुण्याहून गेलेल्या पर्यटकाच्या नजरेने बघता आहात. सिमल्यापलीकडच्या डोंगरातल्या रोहडूच्या किंवा कोटगढच्या मुलीला सिमला हे थंड हवेचे ठिकाण नव्हे, तिचे ते मोठे शहर आहे.”

माझ्या मते सगळ्या वादाचे मर्म येथेच होते. रोहडू सिमल्यापासून शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. हिवाळ्यात खडापत्थरला बर्फ पडले की तो रस्ता बंद होतो आणि नारकंड्याला पडले की कोटगढ-रामपूरकडची वाहतूक अडते. अशा मुलूखातून रोज ये-जा करून पदवी घेता येत नाही, म्हणून बापाचा पहिला प्रश्न प्राध्यापक कोण हा नसतो, वसतिगृहात जागा मिळेल का हा असतो. मूळचे अमेरिकन, पण तेथेच स्थायिक झालेले सत्यानंद स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास कोटगढला अमेरिकन सफरचंदाची कलमे लावल्यापासून त्या भागात पैसा आला खरा, पण सफरचंदाच्या पेट्या ट्रकवर चढवून दिल्लीच्या आझादपूर मंडीला पाठवता येतात. मुलीला परगावी ठेवायचे तर तेथे भरवशाचे छप्पर लागते. ज्यांना मिशनच्या कॉलेजची फी झेपत नाही, त्यांच्यासाठी सिमल्यातच लाँगवूडला सरकारी राजकीय कन्या महाविद्यालय आहे, हेही बाईंनी आवर्जून सांगितले.

वकीलसाहेबांनी मात्र हत्यार खाली ठेवले नाही. प्रश्न वसतिगृहाचाच असेल तर सिमल्यातल्याच संजौलीच्या सहशिक्षण देणाऱ्या सरकारी कॉलेजजवळ मुलींसाठी भरपूर खोल्या बांधा, वर्ग वेगळे कशाला, असे त्यांनी विचारले. मुद्दा बिनतोड होता. बाईंनी तो मान्य केला आणि म्हणाल्या, “बांधा की. खोल्या तयार झाल्या की मग वेगळ्या कॉलेजचे काय करायचे ते बोलू.”